टेबलावरची बॅटरी

डुलुथमध्ये सकाळपासून बर्फ पडत होता आणि ऑरिन भलताच खुशीत होता. जुन्या लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला घातलेली वेगमर्यादा त्याने चिपमधला प्रोग्राम बदलून आज एकदाची उठवली होती. चिपला हात लावण्याआधी वीज पुरती तोडायची, हा त्याचा शिरस्ता.

त्याने वेग वाढवला. गेम लोण्यासारखा चालू लागला. तापमान मात्र चढायच्या ऐवजी उतरत गेलं, सदतीस अंशांवर आलं आणि तिथून हलेचना.

"लोर्ना, बघ! तू म्हणायचीस, भंगारात टाक."

त्याची बायको सूपचे वाडगे घेऊन आली. "म्हातारपणी पळायला लावलंस बिचाऱ्याला," ती हसली. "आधी हे उचल बरं, वाडगे कुठे ठेवू? लॅपटॉपची बॅटरी ना ही?"

ऑरिनने बॅटरी उचलली. गार होती. चार्जर खुर्चीच्या पाठीवर लटकत होता, सकाळी त्यानेच गुंडाळून ठेवला होता तसाच.

लॅपटॉपचा पंखा संथ घुरघुरत होता. ऑरिनने कीबोर्डाशेजारी तळहात टेकला. ऊब छान होती.

घुरघुर थांबली. तळहाताखालचा पत्रा हळूच वर आला, आणि तितक्याच हळू खाली गेला.