माडाच्या खाचा

"या खाचा कोणी पाडल्या?" मॅनेजर इनामदार ओरडले.

लेहमध्ये पारा उणे अठरावर होता. बागेतल्या माडांच्या उबदार खोडांवर बर्फ पडताक्षणी वितळत होतं. या एकाचं खोड मात्र गारठत चाललं होतं. खालपासून शेंड्यापर्यंत त्याला पाय ठेवण्यापुरत्या खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेतून वाफ निघत होती.

"मी," गुणाजी म्हणाला. "आमच्या मालवणात माडार असेच चढतत."

"अरे, साल हा त्याचा स्वेटर आहे! आतली सगळी ऊब बाहेर चाललीय. मरेल तो!"

बागेतले सहा गडी धावले. कोठारातून नव्याकोऱ्या घोंगड्या आल्या, माडाला गुंडाळून दोरीने बांधल्या गेल्या. ते बघून गुणाजीचं डोकं फिरलं.

"परवा ह्याच माडावरसून माझो भाव घसरान पडलो. म्हणान पाडलंय खाचा! त्याच्यासाठी एक घोंगडी मागलंय, तर कोठारात नाय म्हणालात!"

इनामदारांनी दोरीची गाठ आणखी घट्ट ओढली.

गुणाजीने कमरेचा कोयता उपसला. सगळे मागे सरले. त्याने दोरी कापली, सगळ्या घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि पाय मोडलेला भाऊ जिथे कुडकुडत पडला होता, त्या पत्र्याच्या खोलीकडे निघाला.

"अहो, माड!" इनामदार किंचाळले.

"तुमी मारा मिठी त्याका!"