लाल की पांढरी

"लाल वीक, पांढरी ठेव. यात एवढा विचार कसला करायचा?" मुलगी खोक्यावर चिकटपट्टी ओढत म्हणाली. "पांढरी निदान चालते तरी."

आईने पुढचं खोकं ओढलं. आठवडाभर हाच घोळ चालू होता आणि तिला त्याचा वीट आला होता. शेड महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती आणि मुलीच्या घराखाली एकच गाडी मावत होती. गाड्या दोन. दोन्ही जुन्या, बुटक्या, दोन आसनी स्पोर्ट्स कार. दोन्ही भंगाराच्या भावाने आलेल्या आणि तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या. नवऱ्याला सगळे मिस्तरी म्हणत, तीही तेच म्हणायची. मिस्तरींना जाऊन चार महिने झाले होते.

मुलीने फळीवरून भंगाराचा डबा खाली घेतला. आतल्या प्रत्येक तुकड्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. निकामी ठरलेल्या वस्तूवर मिस्तरी तो ठिपका द्यायचे, म्हणजे ती चुकूनसुद्धा पुन्हा गाडीत जायला नको. शेडमधला हा एकच कायदा, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. मुलीच्या गणिताच्या पेपरवरही एकदा ठिपका उमटला होता.

"आई, हे बघ." मुलीने डब्यामागून एक पाकीट ओढलं. मिस्तरींच्या छातीचा शेवटचा एक्स-रे होता. कोपऱ्यात पिवळा ठिपका.

दोघी हसल्या. मग आईने तोंड फिरवलं.

"तो चौकातला गॅरेजवाला चार वाजता येतोय," मुलगी मवाळपणे म्हणाली. "लालच मागतोय. म्हणतो, दहा मिनिटांत चालू करून दाखवतो."

"तो काय, काहीही म्हणेल."

"अगं, म्हणू दे की! अकरा वर्षं बंद पडलेलं धूड ते. बाबांनासुद्धा दोष सापडला नाही. त्याला सापडला तर सापडला, आपलं काय जातंय?"

काय जातंय ते आईला चांगलं ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी मिस्तरी दर रविवारी लाल गाडी घेऊन डोंगरावरच्या वळणांवर शर्यत लावायला जायचे. एका रविवारी त्यांचा जोडीदार गाडीसकट दरीत गेला. पुढच्या रविवारी मिस्तरींनी पुन्हा किल्ली उचलली. तिने विनवण्या केल्या, अबोला धरला, माहेरी निघून जाऊन पाहिलं. "ही एक झाली की बंद," ते म्हणायचे, आणि ती एक काही संपत नव्हती. मुलगी तेव्हा शाळेत होती.

गाडी चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं, ते मिस्तरींनीच तिला शिकवलं होतं. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडायचं आणि आतला रोटर काढून पर्समध्ये टाकायचा. इंजिनात ठिणग्या वाटून देणारा, अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो नसला की गाडी चालू होत नाही. तिने तो काढला, पण जागा मोकळी ठेवली असती तर मिस्तरींनी क्षणात ओळखलं असतं. म्हणून तिने बाजारातून नवाकोरा रोटर आणला, खलबत्त्यात हलकेच ठोकून त्याला केसाएवढा तडा पाडला आणि तो बसवून टाकला. चांगला रोटर बटणांच्या डब्यात गेला.

तेव्हापासून मिस्तरींचे रविवार लाल गाडीखाली गेले. कॉइल बदलून झाली, वायरी नव्या घालून झाल्या, कार्ब्युरेटर कितीदा उघडला त्याला गणती नाही. संध्याकाळी काळे हात पुसत ते घरात यायचे. "आजही नाही सापडलं. चहा टाक."

लोक टिंगल करायचे आणि मिस्तरी हसण्यावारी न्यायचे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तिचं दुखणं सांगणारा माणूस स्वतःच्या गाडीपुढे हरला होता. तिला हे आतून खात होतं. नवरा वाचवला, पण त्याचा आनंद आपण चोरला. दर रविवारी ती सांगायचं ठरवायची, दर रविवारी नुसता चहा टाकायची, आणि मग मिस्तरींनी अंथरूण धरलं.

आता तो गॅरेजवाला झाकण उघडणार, तडा बघणार आणि चौकभर बोभाटा करणार. एवढे मोठे मिस्तरी, साधा रोटर ओळखता आला नाही!

"बरं," ती म्हणाली. लढायचं त्राण उरलं नव्हतं. "लाल दे. तू वर जाऊन कागद शोध."

मुलगी गेल्यावर तिने पर्समधून चांगला रोटर काढला. सकाळीच बटणांच्या डब्यातून घेऊन ठेवला होता. तो बसवायचा, की गाडी पहिल्या झटक्याला चालू होणार. मिस्तरी शेवटी जिंकले, असंच म्हणतील लोक. तिचं कर्म तिच्यापाशी राहील.

तिने बॉनेट उचललं. झाकणाच्या क्लिपा सहज सुटल्या. अकरा वर्षांत तिने इथे हात लावला नव्हता. तडा गेलेला रोटर तिने वर ओढून काढला, धूळ पुसायला उलटा केला आणि ती मटकन मिस्तरींच्या स्टुलावर बसली.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"आई, आले गं ते!" मुलगी दारातून म्हणाली. "लाल बाहेर घ्यायला सांगू ना?"

"नको. पांढरी दाखव."

"आता हे काय मध्येच? तूच म्हणालीस ना?"

"पांढरी दे, म्हटलं ना. लाल माझ्याकडे राहील."

मुलगी कपाळाला हात लावून गेली. आईने मूठ उघडली आणि तो तुकडा पुन्हा खिडकीच्या उजेडात धरला. तिने स्वतः बाजारातून नवाकोरा आणलेला, स्वतः ठोकलेला रोटर. त्याच्या खालच्या बाजूला, वर्षानुवर्षांच्या तेलधुळीने मळून तपकिरी पडत चाललेला, एक पिवळा ठिपका होता.