आठ नंबरचा जोड

खोके नेहमीपेक्षा जड होते. शिंप्याने कुबड्या भिंतीला टेकवल्या, ते मांडीवर घेतले आणि हाताने तोलून पाहिले.

“अहो, उघडा तरी! तीन आठवडे त्याच्यासाठीच तोंड पाडून बसला होतात,” बायको म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी अपघातात शिंप्याचा डावा पाय गेला. त्यानंतर वस्तू विकायच्या एका संकेतस्थळावर त्याने जाहिरात टाकली होती : ‘डावा बूट विकणे आहे. आठ नंबर. कोरा.’ शेजारीपाजारी हसले. दूरच्या शहरातून मात्र एका निवृत्त ड्रायव्हरचे उत्तर आले : ‘मला उजवा पाय नाही. नंबर आठच. विकू नका, वाटून घेऊ.’

तेव्हापासून दरवर्षी दोघांपैकी एक जण ऑनलाइन जोड मागवी, आपला बूट ठेवून घेई आणि दुसरा टपालाने धाडी. ज्याची पाळी त्याचा रंग, एवढाच करार. शिंप्याला काळा आवडे; ड्रायव्हर हट्टाने तपकिरी घेई. भेट कधीच झाली नाही. उरलेल्या पायांवरून ते एकमेकांना ‘उजवे’ आणि ‘डावे’ म्हणत.

यंदा पाळी ड्रायव्हरची होती. बूट येईना, तेव्हा शिंप्याने फोनवर निरोप टाकला : ‘काय डावे, दुसरा पाय फुटला की काय? दोन्ही बूट ढापलेत?’ त्याला उत्तर आले नव्हते.

त्याने कात्रीने दोरी कापली. आत दोन्ही बूट होते. काळे.

“वेंधळा कुठला! अख्खा जोडच पाठवला,” तो हसला. “डावा परत बांध. पत्ता तुला पाठ आहेच.”

बायकोने डावा बूट उचलला. आत घडी घातलेला कागद होता. तिने तो उभ्यानेच वाचला. मग ती त्याच्याजवळ बसली आणि हळू आवाजात वाचू लागली.

‘काका, तुमचा निरोप मी बाबांना दवाखान्यात वाचून दाखवला. खूप हसले. म्हणाले, उजव्यांना लिही, दुसरा फुटला नाही, होता तोही आता थकला. यंदा काळा मागव, आणि जोड मोडू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले.’

शिंप्याने उजवा बूट पायात चढवला, नाडी बांधली. डावा त्याच्या शेजारी, जिथे असायला हवा होता तिथे, नीट ठेवला.

अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला जाणवले, की आपला डावा पाय गेला आहे.