उडीचं बटण

"काकू, डब्याले काहीच झालं नाही," राजदीपनं व्हिडिओ गेम उलटासुलटा करून पाहिला. "बिमारी तुमच्या रिमोटले आहे."

नलूचा जीव भांड्यात पडला. दिग्रसमधलं दुरुस्तीचं हे तिसरं दुकान. पहिल्या दोघांनी डबा पाहूनच हात जोडले होते. तिची लेक दीपमाला चौथीत असताना घेतलेला गेम. आता दीपमालाची पोरगी चौथीत आहे. त्या पोरीचा महागडा नवा गेम दोन वर्षांत दोनदा बंद पडला. हा मात्र पडला, आपटला, एकदा त्यावर वरण सांडलं, तरी हूं की चूं नाही.

"उडीच मारत नाही पाहा," नलूनं बटण दाबून दाखवलं. "मोटरसायकल सीधी खड्ड्यात."

आणि खड्ड्यात पडायची नलूला सवय नव्हती. घरात नियम एकच: शर्यत हरेल त्यानं चारचा चहा करायचा. आधी नवऱ्याच्या, धर्मपालच्या सुट्टीच्या दिवशी आणि तो एसटीतून रिटायर झाल्यापासून रोज. अंगणवाडीतून पाय ओढत आलेली नलू खुर्चीत बसायची, रिमोट घ्यायची आणि जिंकायची. एवढ्या वर्षांत चारच्या चहाला तिनं कधी गॅस पेटवला नव्हता. "तीस वर्सं पुसदची गाडी चालवली, अन् टीव्हीतला एक खड्डा पार होत नाही तुमच्यानं!" असं ती साऱ्या आळीला ऐकू जाईल इतक्या जोरात चिडवायची. धर्मपाल मुकाट्यानं आलं ठेचायचा. आता उडीच मारता येईना, तर आपली गादी जाते की काय, या धास्तीनं चार दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

राजदीपनं रिमोट खोलला. उडीच्या बटणाखालचं रबर झिजून सपाट झालं होतं.

"असं रबर आता भेटत नाही, काकू. थांबा, काकाच्या रिमोटमधलं निघते काय पाहू."

धर्मपाल स्कूटी सावलीत लावायला गेला होता. राजदीपनं त्याचा रिमोट खोलला आणि हसला.

"गंमतच आहे! बाकी सारे रबर घासले, अन् उडीचं एकदम नवंकोरं. काकानं हे बटण कधी दाबलंच नाही वाट्टे."

नलूनं ते रबर तळहातावर घेतलं. आधी तिला रागच आला. एवढी वर्षं तोऱ्यात मिरवले ते फुकटच! मग आलं ठेचल्याचा आवाज आठवला, समोर आलेला वाफाळता कप आठवला, आणि राग कुठच्या कुठे गेला. त्या माणसाविषयी माया दाटून आली.

"हे तुमच्यात टाकतो," राजदीप म्हणाला. "पण तुमचं मेलेलं काकाच्या रिमोटात जाईन. मंग काका उडी कशी मारतीन? त्यायले सांगा लागन."

"नलू, झालं काय वं?" बाहेरून धर्मपालची हाक आली. "चार वाजून राह्यले!"

नलूनं पदरानं डोळे पुसले.

"टाक," ती म्हणाली. "अन् सांगू नको. त्यायले कधी समजणारच नाही."