हिरवी खूण

सोनोराच्या वाळवंटात रेंज नसते, म्हणून ओफेलियाने नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घेतला होता. बेपत्ता पोरांच्या या आया तीन वर्षं जिथे जिथे खणत आल्या, तिथे त्यावर लाल खूण होती; जेवायला बसायच्या सावलीला हिरवी. काल कुणीतरी नाव न सांगता फोन करून तिच्या मुलाला, एलिसेओला पुरल्याची नेमकी जागा कळवली होती; आज त्या नकाशाच्या आधारे तिकडेच निघाल्या होत्या.

"आलं बाई आपलं झाड," त्यांच्यातलीच चेलो धापा टाकत म्हणाली. "दर रविवारी इथेच तर बसतो. आधी दोन घास खाऊ, मग जाऊ पुढे."

ओफेलियाने नकाशा पाहिला. त्यांच्यासोबत चालणारा निळा ठिपका हिरव्या खुणेवर येऊन थांबला होता.

"पुढे नाही जायचं गं," ती म्हणाली. "कुदळ दे."