एक जूनचे बारा वाढदिवस

आरोग्य केंद्राच्या यंत्रानं गजराबाईंचा अंगठा ओळखला आणि गोड आवाजात म्हटलं, "वाढदिवसाच्या शुभेच्छा! वय ऐंशी पूर्ण. फ्लू आणि न्यूमोनियाची लस यापुढे बंद."

रांगेतल्या इतर अकराजणांनाही त्यानं याच शुभेच्छा दिल्या. बाराही जण एकाच वर्षी शाळेत गेलेले, आणि कदम गुरुजींनी सरसकट सगळ्यांची जन्मतारीख एक जून लावलेली.

ज्याची वर्षं थोडी उरली त्याच्यावर लस वाया घालवायची नाही, हे यंत्राचं गणित. याच गणितापायी गेल्या थंडीत गजराबाईंचे थोरले दीर न्यूमोनियानं गेले होते.

नफिसा सिस्टर हळूच म्हणाली, "आजी, तारीख चुकलीय असं लिहून द्या. दोन वर्षं कमी करते, म्हणजे लसीचं कपाट उघडेल."

"चुकलीच आहे. मला शाळेत उशिरा घातलं, म्हणून गुरुजींनी दोन वर्षं कमी लावली. लिही, ब्याऐंशी."

"अहो, मग तर मिळणारच नाही!"

"का? ब्याऐंशीव्या वर्षी श्वास लागत नाही माणसाला? खोटं बोलून मी जगायची नाही, आणि खरं बोलून मरायचीही नाही."

त्यांनी बाही वर सारली आणि कपाटासमोर बसकण मारली. मागोमाग अकराजण बसले. अकरा बाह्या वर झाल्या. यंत्र प्रत्येकाला नाव घेऊन घरी जायला सांगत राहिलं.

नफिसानं त्या सुरकुतल्या दंडांकडे पाहिलं. मग आगीच्या वेळी वापरायच्या किल्लीच्या पेटीची काच फोडली आणि त्या किल्लीनं कपाट उघडलं.

"पहिलं कोण?"

"सगळ्यात म्हातारं," गजराबाई म्हणाल्या आणि दंड पुढे केला.