करंगळीतला पोंगा

चिवड्याच्या बशीला हात न लावता बबनराव उठले आणि "एक फोन लावून येतो जी," म्हणत बाहेर सटकले. फोन कोणाला लावायचा होता देव जाणे. डोकं नुसतं भणभणून गेलं होतं.

काजलसाठी पोराचं घर पाहायला ते मेहुण्याला, मोतीलालला घेऊन सकाळीच आंजीहून नालवाडीला आले होते. निघताना बायकोनं, विमलाबाईंनी बजावलं होतं, "चहा घेजा, पण बशीले हात नोका लावजा. पोरीच्या बापानं खाल्लं का झाला होकार. मंग मांगं फिरता येत नाई." काजल मात्र फाटकापर्यंत मागे आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, शेत-घर राहू द्या. त्यांची मोठी सून हाय ना, तिच्याकडे पाहून या. तिचे जसे दिवस, तसेच माह्ये."

आता सुनेकडे पाहायचं म्हणजे काय पाहायचं? बबनरावांनी जन्मभर दात पाहून बैल घेतले. ही सपना डोक्यावर पदर घेऊन आली, चहा ठेवला, पाया पडली न् गेली. यावरून तिला सुखी समजावं की दुःखी? पोरगा प्रफुल बरा वाटला, त्याचे वडील प्रभाकरराव तर मोकळेढाकळे. पण सासू शोभाबाई! तासभर समोर बसून बाई एकदाही हसली नव्हती. आणि पोरीला दिवस काढायचे ते तिच्याजवळच.

घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं किराणा दुकान होतं. बबनराव तिकडे वळले आणि दाराशी लटकलेली पाकिटं पाहून जागीच थांबले.

पोंगे! तेच पिवळे, पोकळ, बोटात घालून खायचे पोंगे.

"अरे बाप्पा," त्यांच्या तोंडून निघालं. शाळेच्या फाटकासमोर कागदाच्या पुडीत मिळायचे. ना ताट लागे, ना वाटी. हाताला पाच बोटं असली की झालं काम.

"काकाजी, देऊ काय?" गल्ल्यामागून सपनानं विचारलं. पदर आता कमरेला खोचलेला होता.

"एक दे. पण पैसे घेशीन तरच."

दहाची नोट त्यांनी ठेवलीच. विकत घेतलं म्हणजे त्यांच्या घरचं खाल्लं असं होत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. दुकानही त्यांच्या घरातलंच, हे ध्यानात आलं तेव्हा पाचही बोटांत पोंगे चढले होते. आता काढून परत द्यावे तरी कसे?

त्यांनी अंगठ्यातला तोंडात टाकला. कुर्रकन वाजला. आणि काय सांगावं, त्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला असा आनंद झाला की ते एकटेच हसायला लागले. पोरीच्या जन्माचा प्रश्न समोर उभा, आणि आपण कशाला खुश होऊन राह्यलो, हेच त्यांना कळेना.

सपना फस्सकन हसली. तिनं गल्ल्याखाली धरलेला हात वर काढला. तिच्याही बोटांत पोंगे होते.

"करंगळीचा शेवटी खाजा, काकाजी. खरी मजा त्याच्यात हाय."

"हे का तू मले शिकवतं?" बबनराव म्हणाले आणि त्यांनी दुसरं बोट तोंडात घातलं. सपनाही आपले भराभर संपवत होती.

तेवढ्यात आतून शोभाबाईंचा आवाज आला, "सपना! काय करून राह्यली तिकडे?"

सपनाचा हात झटक्यात पाठीमागे गेला. बबनरावांचाही गेला. आपण काऊन लपवला? आपली का ती सासू आहे? पण मग त्यांच्या ध्यानात आलं. घरची सून सासूचा आवाज ऐकून खाता हात लपवते. काजलनं पाहून यायला सांगितलं होतं ते हेच. आता चहाचे उपकार मानायचे आणि गाडीला किक मारायची. त्यांना फार वाईट वाटलं.

शोभाबाई दारात आल्या. सुनेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "दाखव हात."

सपनानं हात पुढे केला. करंगळीत एकच पोंगा उरला होता. शोभाबाईंनी तिचं मनगट धरलं, खाली वाकल्या आणि तो पोंगा सरळ दातांनी ओढून घेतला. चेहरा तसाच, दगडाचा.

"आई!" सपना ओरडली. "शेवटचा होता माह्या!"

"अन् काल माह्या कोणं खाल्लता?" कुर्रकुर्र चावत शोभाबाई म्हणाल्या.

मग त्यांना पाहुणे दिसले. घाईघाईनं डोक्यावर पदर ओढत त्या म्हणाल्या, "बसा जी आत. चहा थंडा होऊन राह्यला." आणि ओठ पुसत निघून गेल्या. सपना गल्ल्यामागे तोंडाला पदर लावून हसत होती.

बबनराव खांबासारखे उभे. हा धाक म्हणावा की लाड? सुनेच्या वाट्याचा शेवटचा घास पळवते ती सासू चांगली की वाईट? बबनरावांच्या आईनं तर विमलाबाईंच्या हातचं पाणीसुद्धा कधी हसून घेतलं नव्हतं. काही म्हणजे काही उमजत नव्हतं. मधल्या दोन बोटांतले पोंगे तोंडात टाकत तसेच ते आत जाऊन बसले.

"मंग, काय म्हणता बबनराव?" प्रभाकररावांनी विचारलं.

मोतीलाल डोळे वटारून त्यांच्या हाताकडे पाहत होता. भाऊजींनी चिवड्याची बशी पुढे ओढली होती, आणि बोकाणा भरणाऱ्या त्या हाताच्या करंगळीत एक पिवळा पोंगा अजून तसाच होता.